शहराचा समास

मराठी गद्याचा इतिहास सांगताना आपण निबंध, कादंबरी, अग्रलेख यांची नावे घेतो. महानगरपालिकेच्या जाहीर सूचनेचे नाव कोणी घेत नाही. वास्तविक ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यावर ज्या मराठी गद्याचा सर्वांत खोल परिणाम होतो, ते गद्य हेच. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टंकात, निविदा आणि हरवल्याच्या जाहिराती यांच्या शेजारी ते छापलेले असते. त्याला लेखक नसतो, शैली नसते आणि वाचकही जवळजवळ नसतो. आम्ही गेली काही वर्षे ते नेमाने वाचतो आहोत. व्यवसायाने मराठीचे अध्यापक असल्यामुळे वाचनाची खोड आहेच; पण या वाचनाचे खरे कारण वाङ्मयीन नाही, हे पुढे कळेल.

प्रथम एक शब्द पाहू. एखाद्या भूखंडावर किती बांधकाम करता येईल हे ज्या आकड्याने ठरते, त्याला शासकीय मराठीत 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणतात. हजार चौरस मीटरचा भूखंड आणि निर्देशांक एक असेल, तर सर्व मजले मिळून हजार चौरस मीटर. हिशेब एवढा सोपा. मूळ इंग्रजी संज्ञेत चटई कोठेच नाही. तेथे केवळ मजल्याचे क्षेत्र आहे. मराठीने मात्र त्या आकड्याखाली चटई अंथरली. ज्या समाजात दहा माणसे एका खोलीत ओळीने अंथरुणे टाकून झोपत, त्या समाजाला जागा मोजण्याचे याहून अचूक माप सुचले नसते.

आमचेच कुटुंब गिरगावातल्या चाळीतून १९८४ साली मध्य रेल्वेच्या या पट्ट्यात आले. चाळीतल्या दोन खोल्यांत नऊ माणसे होती. इथे 'ब्लॉक' मिळाला. फ्लॅट हा शब्द तेव्हा आमच्या लोकांच्या तोंडी नव्हता. ब्लॉक आणि 'ओनरशिप' हे दोनच शब्द पुरेसे होते. स्वयंपाकघराला दार आणि संडास घरात, या दोन गोष्टींसाठी वडिलांनी पुढची वीस वर्षे सकाळची सात-दहाची लोकल पकडली. चाळीला मराठी साहित्याने भरभरून दिले, पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'पासून मोजायला सुरुवात केली तरी यादी लांबते. ब्लॉकच्या वाट्याला तितके आले नाही. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे डोंबिवलीत राहत. साहित्य संमेलन २०१० साली ठाण्यात आणि २०१७ साली डोंबिवलीत भरले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर १८६४चे. एवढे सगळे असून, ही शहरे ज्या कागदांवर उभी राहिली त्या कागदांची भाषा आपल्या साहित्यविचाराच्या बाहेरच राहिली.

ती शहरे उभी कशी राहिली? १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर मुंबईत भाड्याची नवी घरे बांधणे कोणाला परवडेना. मालकीच्या सदनिकांचा कायदा १९६३ साली आला आणि मध्यमवर्गाला कर्ज काढून घर घेण्याची वाट दिसली. मुंबईच्या १९६४च्या विकास आराखड्याने निर्देशांकाची चौकट आणली. १९७६च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोकळी जमीन बाजारात येण्याऐवजी अडकून पडली, आणि तो कायदा महाराष्ट्रात २००७ अखेरपर्यंत टिकला. मुंबईला जे सामावून घेता आले नाही, ते रुळांच्या कडेने उत्तरेला आणि पूर्वेला सरकत गेले. ठाणे महानगरपालिका १९८२ची, कल्याण-डोंबिवली १९८३ची. म्हणजे आमचा ब्लॉक आणि आमची महानगरपालिका जवळजवळ एकाच वयाच्या. २०११च्या जनगणनेत ठाणे शहरात १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीत १२ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली.

आता दुसरा शब्द. इमारत आणि तिच्या भूखंडाची सीमा यांच्यामध्ये जी मोकळी जागा सोडावी लागते, तिला नियमावलीत 'सामासिक अंतर' म्हणतात. समास म्हणजे वहीच्या पानाची सोडलेली बाजू. शाळेत पहिल्या दिवशी आपल्याला शिकवतात: समास सोडून लिहा. व्याकरणातला समास याच्या नेमका उलट. तेथे दोन शब्दांमधले अंतर काढून टाकून ते एकमेकांना चिकटवायचे असतात. आमच्या शहरांत सामासिक अंतराचा प्रवास पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे झाला, हे मराठीच्या विद्यार्थ्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पानाचा समास रिकामा दिसतो, पण तो निरुपयोगी नसतो. पान धरायला बोटांना तीच जागा लागते, वाचकाची टीप तिथेच येते. इमारतीच्या समासातून उजेड येतो, वारा येतो, पावसाचे पाणी वाहते, मुले खेळतात आणि वेळ आलीच तर अग्निशमन दलाचा बंब आत शिरतो.

हा समास कमी करता येतो. त्यासाठी तिसरा शब्द आहे: 'शिथिलता'. भूखंड वेडावाकडा असेल, अरुंद असेल, नियम जसाच्या तसा लावला तर बांधकामच अशक्य होणार असेल, तर 'अडचण' दाखवून आयुक्तांकडे शिथिलता मागता येते आणि ठरलेले अधिमूल्य भरून ती मिळू शकते. तत्त्व म्हणून यात गैर काही नाही. कोणताही नियम सगळ्या भूखंडांना सारखा बसत नाही, आणि जुन्या वस्तीत तर मुळीच नाही. शेजाऱ्यांच्या आरोग्याला आणि सुरक्षिततेला बाध येऊ नये, अशी अटही नियमावलीत आहे. प्रश्न वेगळाच आहे. अडचण कोणाची, हे वाक्यात लिहिलेले नसते. 'अडचण लक्षात घेऊन सामासिक अंतरात शिथिलता देण्यात येत आहे' या धाटणीच्या वाक्याचा वाक्यपृथक्करणाचा तक्ता मांडून पाहा. कर्ता सापडत नाही. अडचण असणारा अदृश्य, शिथिलता देणारा अदृश्य, आणि ज्याच्या स्वयंपाकघराचा उजेड जाणार तो तर वाक्याच्या बाहेरच. कर्मणी प्रयोग ही शासकीय मराठीची केवळ लकब नाही. त्या प्रयोगामुळे जबाबदारीला जागाच उरत नाही. शेजाऱ्याला या वाक्याचा पत्ता लागतो तो बहुधा खांब उभे राहिल्यावर.

मोठ्या बदलांच्या बाबतीत कायदा अधिक उदार आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६चा. त्याप्रमाणे विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करावे लागते, आणि मंजूर आराखड्यात कलम ३७ खाली फेरबदल करायचा तर सूचना काढून नागरिकांच्या 'हरकती व सूचना' मागवाव्या लागतात. मैदानाचे आरक्षण उठवून निवासी करणे, हरित पट्ट्याचा रंग पिवळा करणे, हे सगळे या दारातून जाते. २०२४ साली ठाण्याच्या सुधारित आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले तेव्हा ज्यांच्या घरांवरून आणि जमिनींवरून रस्ते वा आरक्षणे दाखवली गेली होती, ते नागरिक मोठ्या संख्येने पुढे आले. आराखडा हा ग्रंथ मानला, तर त्याची टीका लिहिण्याचा अधिकार इथे वाचकाला दिलेला आहे. मात्र वाचायला नकाशाची लिपी यावी लागते, आणि ती आपण कोणत्याच इयत्तेत शिकवत नाही.

लिपी न येण्याची किंमत काय असते, ते या पट्ट्याने पुन्हा पुन्हा पाहिले. कल्याण-डोंबिवलीलगतची २७ गावे १९८३ साली महानगरपालिकेत घेतली गेली, २००२ साली वगळली गेली, २०१५ साली पुन्हा घेतली गेली. नियोजनाचा अधिकार हातोहात फिरत असताना बांधकामे मात्र कोणाची वाट पाहत थांबली नाहीत. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६च्या आणि २०२४च्या मे महिन्यात मोठे स्फोट झाले, माणसे मेली, आणि कारखान्यांच्या कुंपणापासून घरे किती जवळ आली आहेत हे फुटलेल्या काचांनी सर्वांना दाखवले. नकाशात जांभळ्या आणि पिवळ्या रंगांमध्ये जे अंतर असावे लागते, तोही एक समासच. तो कोणत्याही एका निर्णयाने पुसला गेला नाही; लहानलहान परवानग्यांनी, दुर्लक्षांनी आणि बिनपरवाना बांधकामांनी तो थोडाथोडा भरत गेला.

ज्यांना परवानगीच नव्हती अशा इमारतींची गोष्ट आणखी निराळी. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या अग्यार समितीपुढे कल्याण-डोंबिवलीतील अनधिकृत बांधकामांचा आकडा सुमारे ६८ हजारांवर गेला होता. शिळफाट्याजवळची इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसे गेली. २०१५च्या पावसाळ्यात ठाकुर्लीची आणि नौपाड्याची इमारत काही दिवसांच्या अंतराने पडली. या मात्र नव्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. शासनाने २०१७ साली ठरावीक अटींवर जुनी अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचे नियम केले आणि त्यांना नाव दिले 'प्रशमित संरचना'. प्रशमन आगीचे होते, तापाचे होते, क्रोधाचे होते. इमारतीचे कसे होते, हे भाषेला विचारण्यात अर्थ नाही.

मात्र साहित्याच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा असे प्रकरण डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचे. त्यांच्या बांधकाम परवानग्या बनावट होत्या आणि त्याच बनावट कागदांच्या आधारे त्यांची रेरा प्राधिकरणाकडे नोंदणी झाली होती. एका जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. रहिवाशांनी कागद पाहिले नव्हते असे नाही. कागद होते, शिक्के होते, नोंदणी क्रमांक होता, अनेकांच्या पाठीशी बँकांचे कर्ज होते. पाठचिकित्सेत आपण हस्तलिखिताची शाई, लेखनप्रक्षेप, वंशावळ तपासतो आणि मग संहिता अस्सल की नकली ते ठरवतो. ती चिकित्सा करायला विद्वानांना वर्षे लागतात. इथे एका पगारदार माणसाने ती रविवारच्या सकाळी साइट ऑफिसात बसून करावी, अशी अपेक्षा होती. पुढे लोकप्रतिनिधींनी दिलाशाचा शब्द दिला; पण घराचे नाव 'दिलासा' ठेवता आले तरी त्यावर भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही.

एवढे वाचून कोणी म्हणेल की लेखक दाटीच्या विरुद्ध आहे. उंच इमारती नकोत, निर्देशांक वाढवू नका, असे सुचवतो आहे. तसे नाही. न्यूयॉर्कने १९१६ साली पहिला सर्वंकष पट्टानियम केला, तो एका अवाढव्य इमारतीने रस्त्यावर टाकलेल्या सावलीमुळे; आणि क्षेत्राच्या गुणोत्तराचा हिशेब तिथे १९६१ साली आला. त्याच वर्षी जेन जेकब्ज यांनी अमेरिकन शहरांवरील आपल्या ग्रंथात एक भेद स्पष्ट केला: एकरामागे घरे जास्त असणे वेगळे आणि खोलीमागे माणसे जास्त असणे वेगळे. पहिली घनता, दुसरी दाटी. आमची गिरगावातली चाळ बुटकी होती, पण तिथे दाटी होती. अलें बेर्तो यांच्यासारखे नियोजनतज्ज्ञ अनेक वर्षे सांगत आले की मुंबईचा निर्देशांक कमी ठेवल्याने माणसे कमी झाली नाहीत, केवळ प्रत्येकाच्या वाट्याची जागा कमी झाली आणि घर दूर गेले. हे आम्हांला पटते, कारण ते दूर गेलेले घर म्हणजेच आम्ही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन लोकलच्या दारांतून माणसे पडली आणि काही जण मेले. लोकलच्या डब्याला निर्देशांक नसतो.

पण चटई वाढवताना नळ, गटार, रस्ता आणि रेल्वे यांची चटई कोण वाढवणार, हा प्रश्न उरतोच. २०२० अखेरीस मुंबई वगळता बहुतांश महाराष्ट्राला एकच एकत्रित नियमावली लागू झाली. तिच्यात मूळ निर्देशांक १.१ आहे. त्यावर अधिमूल्य भरून काही मिळतो, हस्तांतरणीय विकास हक्क विकत घेऊन काही मिळतो, आणि वर अनुषंगिक क्षेत्र म्हणून निवासी बांधकामाला आणखी ६० टक्क्यांपर्यंत. किती मिळणार ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. नऊ मीटरहून अरुंद गल्लीवर मूळ आकड्यावरच थांबावे लागते. तीस मीटरच्या रस्त्यावर तो अनुषंगिक क्षेत्र धरण्यापूर्वीच तीनपर्यंत जातो. ठाण्याच्या समूह विकास योजनेत चारपर्यंतची तरतूद आहे. तिचे काम किसननगरात जून २०२३ मध्ये सुरू झाले. रस्त्याची रुंदी हा कसोटीचा दगड मानण्यात शहाणपण आहे. फक्त नकाशातला रस्ता आणि पायाखालचा रस्ता यांत फरक असतो.

आता आमचे कारण. आमची इमारत तळमजला अधिक तीन मजले, बारा ब्लॉक, लिफ्ट नाही. वय चाळिशीचे. गच्ची गळते, सज्जांतून सळ्या दिसतात. आमच्या आईचे वय ८३. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. गेल्या दोन वर्षांत ती तीन वेळा खाली उतरली, तिन्ही वेळा दवाखान्यासाठी, आणि परत वर नेताना खुर्ची धरायला चौघे लागले. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ)खालील २०१९च्या निर्देशांप्रमाणे पुनर्विकासाला निम्म्याहून अधिक सभासदांची संमती लागते. आमच्याकडे बारापैकी अकरा जणांनी हात वर केला. पण आमची गल्ली सहा मीटरची. तिच्यावर अधिमूल्याचा निर्देशांक मिळत नाही, आणि त्यावाचून कोणत्याही विकासकाचा हिशेब जमत नाही. दोन जण येऊन, चहा घेऊन, टेप लावून गेले ते परत आले नाहीत.

अशात गल्लीसाठी सूचना निघाली. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा आखून गल्ली नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव. हरकती व सूचना ठरावीक मुदतीत द्याव्यात. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जाणार. आमच्या बाजूचा तो दीड मीटर म्हणजे आमचा समास: कुंपणाची भिंत, पाण्याचा मीटर, दोन स्कूटर आणि एक बकुळ. ती बकुळ आईने लावलेली. गल्लीत दोन्ही बाजूंना मिळून अठरा जुन्या इमारती आहेत. सगळ्या तीन मजल्यांच्या दहा-बारा मजली झाल्या, तर त्याच चार इंची नळावर आणि त्याच उघड्या गटारावर किती घरे येतील, याचा हिशेब आम्ही कागदावर केला आणि कागद बाजूला ठेवला.

हरकत घ्यावी, तर आईची लिफ्ट जाते आणि अकरा घरांचा विश्वास जातो. घेऊ नये, तर जे आम्ही वर्गात, लेखांत, ओळखीच्या मंडळींत बोलत आलो, ते केवळ इतरांच्या इमारतींपुरते होते असे ठरते. शेजारच्या समासावर बोलणे सोपे असते. आम्ही आठवडाभर मसुदे केले. शेवटी जो दिला त्यात रेषेला विरोध नव्हता. मागणी दोनच होत्या. गल्लीतल्या नव्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी नळ आणि गटार वाढवून पूर्ण झालेले असावे. आणि पुढे कोणालाही, आम्हांलासुद्धा, सामासिक अंतरात शिथिलता द्यायची झाल्यास अडचण कोणाची व कोणती हे मराठीत, कर्ता घालून, भूखंडावरच्या फलकावर आधी लिहावे.

अर्ज द्यायला गेलो तेव्हा आवक खिडकीवरच्या बाईंनी तो शांतपणे पूर्ण वाचला. त्यांच्यापुढच्या नोंदवहीत दोन रकाने होते. "सर, हरकत लिहू की सूचना?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, दोन्ही आहे. "दोन्ही लिहिता येत नाही. एक सांगा." मागे रांग होती. आम्ही सूचना म्हणालो. त्यांनी तसे लिहून पोच दिली.

सोसायटीच्या पुढच्या बैठकीत सचिवांनी पोच वाचून दाखवली. दोघे नाराज झाले. यामुळे काम लांबेल असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी एवढेच विचारले, "फलक लावला तर वाचणार कोण?" त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आईला सगळे सविस्तर सांगितले. तिने बकुळीचे ऐकून घेतले आणि नव्या घरात गॅलरी कोणत्या दिशेला येणार ते विचारले. सुनावणीची तारीख हे लिहीपर्यंत लागलेली नाही.

अध्यापक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. आपण विद्यार्थ्यांना अपठित उतारा देतो. वर्षातून एकदा तरी तो आपापल्या शहरातल्या जाहीर सूचनेचा द्यावा आणि नेहमीचेच प्रश्न विचारावेत: या वाक्याचा कर्ता कोण, कर्म कोण, शीर्षक काय द्याल, सारांश एक-तृतीयांश शब्दांत लिहा. आमच्या गल्लीच्या सूचनेचे कात्रण आम्ही त्यासाठी जपून ठेवले आहे. सूचनेत सर्व्हे नंबर आहेत, मीटर आहेत, कलम आहे. झाडाचा उल्लेख नाही. तो त्या उताऱ्यात असायलाच हवा होता असेही नाही. पण विद्यार्थी गल्लीत येऊन पाहून गेले, तर कदाचित कोणी समासात लिहील.